कुकरबाईचं हसू

“अहो, नळ दुरुस्त करणारा आज येणार की उद्या?”

“लिफ्ट बंद आहे, जिना चढून या!”

मंडळी, हे कुठल्या नाटकातलं बोलणं नाही. एका साध्यासुध्या दोन खोल्यांच्या घरातलं आहे. विचारणारी बायको ओल्या फरशीवर बादली घेऊन उभी होती आणि उत्तर देणारा नवरा सोफ्यावर पाय पसरून लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसला होता. आपल्याही घरी असा एखादा असेल बघा. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर म्हणून द्यायचं नाही! कुणी क्रिकेटच्या भाषेत बोलतो, कुणी सिनेमाच्या. या गृहस्थांच्या तोंडी अष्टौप्रहर ‘जिना चढून या’ नावाची एक विनोदी मालिका असायची.

ती मालिका बंद पडून पंचवीस वर्षं झाली असतील. एका इमारतीतली लिफ्ट कधीच चालत नाही आणि लिफ्टमन मात्र रोज स्टूल टाकून हजर, एवढीच गोष्ट. पण लोक पोट धरधरून हसायचे. समोर खरे प्रेक्षक बसवून चित्रीकरण व्हायचं, त्यामुळे त्यांचं हसणंही मालिकेत ऐकू यायचं. या गृहस्थांनी लहानपणी ती पाहिली आणि मोठेपणी तिच्या नावाने वेबसाइट काढली. कुठल्या भागात कोण काय म्हणालं, लिफ्टमनच्या कोटाचं बटण कधी तुटलं, सगळं तिथे होतं. हळूहळू चाहते जमले आणि स्वतःला ‘जिनेकर’ म्हणवू लागले. नवा सभासद ‘पहिली पायरी’, मुरलेला ‘गच्चीवाला’ आणि आपले हे ‘अध्यक्ष’! दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची आणि संध्याकाळी हजारो लोकांचं अध्यक्षपद भूषवायचं. कुणालाही गोड वाटेल. आपणही त्यांना अध्यक्षच म्हणू.

यात वाईट काही नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. चार माणसं मिळून हसली तर कुणाचं काय बिघडतं? बिघडलं ते पुढे.

जिनेकरांचा एक रिवाज होता. साइटवर कुणी तक्रार केली की सरळ बोलायचं नाही, मालिकेतलं वाक्य तोंडावर फेकायचं. त्यात गंमत यायची आणि तक्रार करणारा कंटाळून निघून जायचा. अध्यक्ष या कलेत इतके तयार झाले होते की घरीही त्यांची तीच तऱ्हा झाली होती.

पहिल्या वर्षाच्या भागांमध्ये प्रेक्षकांतून एका बाईचं हसू अगदी वेगळं ऐकू यायचं. सगळे हसून गप्प झाले की ही सुरू व्हायची. आधी नुसती वाफ सुटल्यासारखा आवाज, मग खालून वर चढत जाणारं खिदळणं, आणि शेवटी श्वास घेताना एक लांबलचक शिट्टी. अध्यक्षांनीच तिचं नाव ठेवलं, कुकरबाई! ते असं काही चिकटलं की विचारू नका. साइटवर ‘कुकरबाई कोपरा’ निघाला. तिचं हसू कापून फोनची रिंगटोन झाली. कुकरला डोळे आणि तोंड काढून बिल्ला तयार झाला. तो पोस्टाने घरपोच मिळायचा आणि पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून चष्म्याच्या दुकानाचा पत्ता असायचा.

मग एका सभासदाने चित्रीकरणाच्या वेळचा जुना फोटो टाकला. दुसऱ्या रांगेत एक बाई डोळे मिटून तोंडभर हसत होती. अध्यक्षांनी ‘हीच ती’ म्हणून तिच्या चेहऱ्याभोवती लाल गोल काढला आणि वर लिहिलं, ‘कुकरबाई शोधून काढा, गच्चीवर जागा मिळवा!’

सापडली! आठवड्याच्या आत सापडली. ती आता पाळणाघर चालवते हे कळलं, आणि कुठे चालवते तेही कळलं. अध्यक्षांनी तो पत्ता स्वतः छापला नाही. सभासदांनी खाली प्रतिक्रियांमध्ये लिहिला, तो पुसलाही नाही.

थोड्या दिवसांनी साइटवर एक निरोप आला. ‘फोटोतली बाई माझी पत्नी आहे. कृपया हे सगळं काढून टाका. तिला फार त्रास होतो आहे.’ अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे उत्तर टाकलं, ‘लिफ्ट बंद आहे, जिना चढून या.’ पुन्हा निरोप आला. उत्तर गेलं, ‘लिफ्टमन जेवायला गेलाय.’ तिसऱ्या निरोपात त्या माणसाने हात जोडले होते. त्याला उत्तर मिळालं, ‘वर जाऊन तरी काय करणार आहात?’ हे तिन्ही निरोप आणि तिन्ही उत्तरं अध्यक्षांनी साइटवर सगळ्यात वर लावली. जिनेकर हसून हसून गडाबडा लोळले.

बायकोने खांद्यावरून वाकून ते वाचलं. “अहो, पण तो खरंच तिचा नवरा असला तर?”

“अगं, गंमत आहे ती. गंमत कळावी लागते माणसाला.”

“मला नाहीच कळत,” ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

एका दुपारी दुकानात एक वयस्कर गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. चष्मा सारखा घसरतो म्हणाले. अध्यक्षांनी चष्म्याच्या काड्या गरम हवेवर धरल्या, हलकेच वाकवल्या आणि समोर वाकून तो त्यांच्या कानांमागे बसवला. हे काम करताना समोरच्याचा चेहरा अगदी वीतभर अंतरावर येतो. या गृहस्थांचे डोळे लाल झालेले होते.

“घट्ट नाही ना होत, काका?”

“नाही. आता नीट दिसतंय.” काकांनी पिशवीतून कुकरचा बिल्ला काढून काउंटरवर ठेवला. शेजारी एक फाडलेलं पाकीट ठेवलं. “हे तुमच्याकडूनच जातं ना?”

अध्यक्षांचा चेहरा खुलला. “अरे वा! काका, तुम्हीपण जिनेकर?”

“मी तिचा नवरा.”

अध्यक्षांच्या जिभेवर सवयीने मालिकेतलं वाक्य आलं होतं. ते त्यांनी कसंबसं गिळलं.

“आमच्या पाळणाघरातल्या एका पोरीच्या दप्तराला हा लावलेला होता,” काका म्हणाले. “तिच्या आईकडे पाकीट मागितलं, म्हणून तुमचा पत्ता मिळाला. तुम्ही लिहिलंत, जिना चढून या. चेष्टा कळते हो मला, मीही ती मालिका पाहिलीय. पण तीनदा विनवणी केली, तुमच्याकडून एकदाही माणूस बोलला नाही.”

“काका, मला खरंच वाटलं नव्हतं...”

“ऐका. लोक आमच्या दाराशी फोन धरून उभे राहतात. ‘मावशी, एकदा हसा ना!’ एक जण तर कुंपणाआडून विनोद सांगत बसला होता. पहिल्या दिवशी तिला मजा वाटली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तिला तिचीच रिंगटोन ऐकवली. तेव्हापासून तिने तोंड मिटलंय. पोरं गळ्यात पडतात, गुदगुल्या करतात, आणि ही ओठ दाबून धरते. आम्ही दोघंच असतो घरी. आमच्या घरात तेवढा एकच मोठा आवाज होता, तोही गेला.”

अध्यक्ष चाचरत म्हणाले, “पण तिथे कुणी वाईट नाही हो बोलत त्यांच्याबद्दल. लोकांचं प्रेम आहे त्यांच्यावर.”

“प्रेम?” काकांनी आवाज न चढवता विचारलं. “मग तिला विचारायचं एकदा! नट पैसे घेऊन हसवतो. त्याने आपणहून तोंड पुढे केलंय, त्याची हवी तेवढी नक्कल करा. ही तर प्रेक्षक होती. तुमच्या-आमच्यासारखी हसायला आली होती. हसताना माणूस सावध नसतो, म्हणून तर ते हसू खरं असतं. तुम्ही नेमकं तिथे तिला पकडलंत. तुमचं स्वतःचं हसणं कसं आहे, ऐकलंयत कधी?”

अध्यक्षांनी काउंटरवरचा बिल्ला उलटा केला.

“आणि इतकी वर्षं ती मालिका घोकताय, तर ही वर्षभर प्रत्येक भागात तिथे कशी, हा प्रश्न नाही पडला? पहिल्या दिवशी काम संपल्यावर लिफ्टमन झालेला नट खाली आला होता आमच्यापाशी. म्हणाला, ‘वहिनी, दर आठवड्याला या. तुमचं हसून होईपर्यंत मी पुढचं वाक्य घेणार नाही.’ आम्ही वर्षभर गेलो. मग तिच्या वडिलांनी अंथरूण धरलं आणि जाणं सुटलं.”

काकांनी चष्म्याचे किती झाले विचारलं. अध्यक्षांनी नुसती नकारार्थी मान हलवली. काका निघून गेले, बिल्ला काउंटरवर तसाच राहिला.

वाचकहो, अध्यक्षांच्या साइटवर ‘लिफ्टमनचा थांबा’ नावाचा एक लांबलचक लेख होता, त्यांनीच लिहिलेला. पहिल्या वर्षी लिफ्टमन शेवटच्या वाक्याआधी असा काही थांबायचा की अंगावर काटा यावा. पुढे तो थांबा गेला आणि मालिकेची लज्जतही गेली. का गेला, यावर जिनेकर वर्षानुवर्षं भांडत होते. त्या संध्याकाळी अध्यक्षांनी घरी येऊन पहिला भाग लावला. लिफ्टमन बोलला, सगळे हसले, हसून गप्प झाले. मग कुकरबाई सुरू झाली. लिफ्टमनने स्टुलावर हात टेकला आणि दुसऱ्या रांगेकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर किती कौतुक होतं! शिट्टी पूर्ण विरली, तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं. अध्यक्षांनी हा भाग शेकडो वेळा पाहिला होता, पण तो बघतोय कुठे हे एकदाही बघितलं नव्हतं.

“अगं,” ते बायकोला म्हणाले, “तो तिच्यासाठी थांबायचा गं! आणि मी काय केलं हे? अरेरे, मी काय करून बसलो!”

बायकोने हातातलं काम बाजूला ठेवलं. शेजारी येऊन बसली आणि तिने तो भाग पुन्हा लावला.

अध्यक्षांनी त्याच बैठकीत कुकरबाई कोपरा पुसला. फोटो, रिंगटोन, पत्ता असलेल्या प्रतिक्रिया, सगळं काढलं. मग आयुष्यात पहिल्यांदा साइटवर साध्या शब्दांत लिहिलं. ‘मी चुकलो. एका बाईच्या हसण्याची मी थट्टा केली आणि त्यामुळे तिने हसणं सोडलं. तुमच्याकडे तिच्या आवाजाच्या, फोटोच्या ज्या प्रती असतील त्या कृपया पुसून टाका.’

पहिली प्रतिक्रिया आली, ‘लिफ्ट बंद आहे, जिना चढून या!’ दुसरी आली, ‘लिफ्टमन जेवायला गेलाय!’ त्यांना ही अध्यक्षांची नवी गंमतच वाटली. अध्यक्षांनी एकेकाला निरोप पाठवून परोपरीने विनवलं. काहींनी ऐकलं. बाकीच्यांनी संवाद फेकले, आणि एका गच्चीवाल्याने तो कोपरा जसाच्या तसा दुसरीकडे उघडला. आपणच लावलेली सवय आपल्याच तोंडावर आली, आता तक्रार कुणाकडे करणार?

पुढच्या सुट्टीला ते बायकोला घेऊन पाळणाघरी गेले. मावशींनी दार उघडलं. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, केस पिकलेल्या. खोलीत खेळणी टोपल्यांमध्ये रचलेली होती. काका खिडकीशी बसून एका बाहुलीचा हात शिवत होते. अध्यक्षांनी हात जोडले, पण पाठ करून आणलेलं सगळं विसरले. “मावशी, माझ्यामुळे झालं. मला माफ करा,” एवढंच जमलं.

“बसा हो, उभे का?” मावशी म्हणाल्या. “ते काढलंत असं हे म्हणाले. झालं ते झालं.”

चहा झाला. अवघडलेपण जावं म्हणून अध्यक्षांच्या बायकोने नळाची हकिकत काढली. नळवाला यायच्या आत हे स्वतःच पाना घेऊन ओट्याखाली कसे शिरले, पाण्याचा फवारा कसा थेट तोंडावर आला, आणि हे ‘बंद कर, बंद कर’ म्हणून ओरडत असताना आपण कसं मुद्दाम म्हटलं, ‘लिफ्ट बंद आहे, जिना चढून या!’ मावशींचे खांदे हलले. डोळे मिटले. वाफ सुटल्यासारखा एक बारीक आवाज आला. काकांची सुई जागच्या जागी थांबली.

आणि मावशींचा हात झटकन तोंडावर गेला. त्या अध्यक्षांच्या शर्टाच्या खिशाकडे बघत होत्या. फोनचा कोपरा वर आला होता.

“बंद आहे ना हो तो?” त्यांनी हळूच विचारलं.

अध्यक्षांनी घाईघाईने फोन काढून दाखवला. तो बंदच होता. पण हसू निघून गेलं ते गेलंच. काकांनी मान खाली घातली आणि बाहुलीचा टाका पुरा केला.

मंडळी, आपल्या सगळ्यांच्याच खिशात आज फोन आहे आणि जिभेवर गंमत आहे. कुणाचं चालणं, कुणाचं बोलणं, कुणाचं हसणं आपण सहज चार जणांना पाठवतो आणि विसरून जातो. ज्याचं ते आहे, त्याला मात्र ते विसरता येत नाही. पाठवण्याआधी त्या माणसाला विचारा. आणि कुणी काकुळतीला येऊन ‘हे थांबवा’ म्हणालं, तर थट्टा बाजूला ठेवून माणसासारखं उत्तर द्या. पुसून टाकणं बोटाचं काम आहे, पण मोडलेलं मन तसं एका बोटाने सांधता येत नाही!

अध्यक्ष अजूनही अधूनमधून पाळणाघरी जातात. फोन घरी ठेवून जातात. कुणाच्या चष्म्याची काडी वाकवून देतात, पोरांची मोडकी खेळणी जोडतात. परवा ते घरी परतले, तेव्हा बायकोने दारातच विचारलं, “आज तरी हसल्या का हो मावशी?”

अध्यक्षांनी चपला काढल्या, नीट बाजूला ठेवल्या आणि सरळ उत्तर दिलं.

“नाही.”