शिंपल्यांखालचं चित्र

कोंडबंदरला एसटीतून उतरलो तेव्हा आधी माशांचा वास आला आणि त्याच्या खालून दुसरा एक वास आला. पहिला मला लगेच कळला. धक्क्याच्या अलीकडे बांबूंवर बोंबील वाळत घातले होते. तो वास उग्र असला तरी सरळ होता. दुसरा कुजण्याचा होता. तो नाकात न थांबता घशात जाऊन बसत होता आणि कुठून येतोय ते कळत नव्हतं.

"काय वास हाय की ह्यो!" हंबीरमामांनी उपरणं नाकाला लावलं. "आण्णा, पोरगी हितं नांदायची म्हणजे नाक घरी ठेवून यायला पायजे."

"सवय होते," अण्णा म्हणाले. त्यांना त्या दिवशी काहीच वाईट बघायचं नव्हतं.

आम्ही तिघं माझ्या थोरल्या बहिणीचं, कालिंदीचं, सासर बघायला आलो होतो. अण्णा आमचे वडील, मामा आईचे भाऊ. आई नव्हती आणि आतलं घर बघायला बाईमाणूस हवं, म्हणून मला आणलं होतं. मी नुकतीच रसायनशास्त्रात बी.एस्सी. होऊन कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागले होते. घर पटलं तर अण्णा तिथंच सुपारी फोडणार होते. एकदा सुपारी फुटली की आमच्यात शब्द फिरत नाही.

कालिंदी तिशीकडे झुकली होती. चित्रकलेचा डिप्लोमा केलेली, रंगाने सावळी, बोलायला फटकळ. येणारा प्रत्येक जण तिची चित्रं बाजूला सारून विचारायचा, भाकरी येते का? कोंडबंदरहून मुलाच्या वडिलांचा, दाजीबांचा, मात्र निराळाच निरोप आला. हुंडा नको, मानपान नको, फक्त मुलीची चित्रं पाठवा. अण्णा शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. तो निरोप वाचून ते बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. मग त्यांनी कालिंदीची सगळ्यांत चांगली चित्रं गुंडाळी करून टपालाने पाठवली. आठवड्यात होकार आला.

दाजीबांचं घर बंदरातलं नावाजलेलं होतं. पुढच्या दोन खोल्यांत 'कलामंदिर' होतं. शिंपल्यांचे मोर, शंखांची तारवं, कवड्यांचे गणपती. गोव्याला जाणारे लोक गाडी थांबवून घेत असत. भिंतीवर लाकडी चौकटीत शिंपल्यांची चित्रं लावली होती आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात एकच लपेटदार सही होती, दाजीबा.

"येवा, येवा. प्रवास बरो झालो मां?" दाजीबा स्वतः दारात आले. पांढरंशुभ्र धोतर, अंगाला अत्तर. नमस्कार करताना मी त्यांचे हात बघितले. मऊ, गोरे, नखं कापून घासलेली.

अण्णा एका मोरासमोर थांबले. पिसाऱ्यातला प्रत्येक शिंपला निवडून, छटेला छटा जुळवून बसवला होता. "काय हात आहे!" अण्णा म्हणाले. "विमल, बघ गं. ही नजर शिकवून येत नाही."

दाजीबा फक्त हसले. नवरा मुलगा वसंत शेजारी उभा होता. दिसायला बरा होता, बोलणं मऊ होतं. तो जमिनीकडे बघत राहिला.

जेवणाची पानं मांडली तेव्हा अण्णांनी हात जोडले. मुलीच्या घरचं ते पाणीही घेणार नव्हते. मामांनी मात्र पाट ओढला. "मुलगी तुमची, आण्णा. माजी भाची हाय. मामाला समदं चालतंय." त्यांनी पिशवीतून कांदा-लसूण चटणीचा डबा काढला आणि सुरमईच्या कालवणात घरच्यासारखा पालथा केला. दाजीबांच्या चेहऱ्यावरून सावली सरकून गेली. मी हसू दाबलं.

पण मला घास जाईना. घशातला तो वास घरात जास्तच होता. अत्तराच्या, माशांच्या, तळणाच्या खालून तो येतच होता. वाढायला थोरली सून होती, शालू. तिने पदराचं टोक उजव्या हाताला गुंडाळलं होतं आणि भाताचा डाव ती मनगटाने धरल्यासारखा धरत होती. पानात लिंबाची फोड ठेवताना तिने ती दोन नखांत चिमटून, लांबून सोडली.

हात धुवायला म्हणून मी मागच्या दारी गेले.

तिथे वासाचा उगम होता. परसात रेतीचे दोन खड्डे होते आणि त्यांत जिवंत शंखशिंपले ओतून वर ओली पोती टाकली होती. आतला जीव कुजून सुटा व्हावा म्हणून. पोत्याच्या कडेने करडा चिकट रस वाहत होता, त्यावर माश्यांचा थर होता. एका उघड्या शिंपल्यातून अळ्या बाहेर पडत होत्या. कावळे माणसाला न घाबरता खड्ड्यात उतरत होते. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं.

भिंतीकडेला कल्हई गेलेली परात होती. तिच्यातल्या शिंपल्यांवर बुडबुडे येत होते. मी वाकले आणि लगेच मागे झाले. हे तेजाब, म्हणजे ॲसिड होतं. प्रयोगशाळेत आम्ही चिमट्याशिवाय त्याच्याजवळ जात नाही. शिंपल्याची वरची मळकी साल ते खातं आणि खालची चकाकी उघडी पडते. परातीत चिमटा नव्हता.

"नगा हात लावू, ताई." शालू खरकटी भांडी घेऊन मागे आली होती. "तुमी कोल्लापूरच्या न्हवं? मी कुरुंदवाडची." आमच्याकडचं बोलणं ऐकून बरं वाटलं. मग तिने भांडी खाली ठेवली आणि पदर सुटला.

बोटांच्या टोकांना कातडी नव्हती. लालसर, ओलसर, कडेला पिवळी पडलेली. दोन नखं मुळापासून काळी झाली होती.

"वैनी, हे तुम्ही हाताने काढता?"

"चिमट्यानं बारीक शिंपलं फुटत्यात. मामंजी वरडत्यात मग."

"आणि पुढच्या खोलीतला मोर?"

"मीच केलाय की." तिच्या आवाजात क्षणभर ऐट आली. "साळंत रांगोळीला पयला नंबर असायचा माजा. त्ये ऐकूनच करून घेतली मला. हुंडा न्हाय, काय न्हाय."

"माहेरी ठाऊक आहे?"

"न्हाय बा. दिवाळीआधी पंधरा दिवस काम बंद ठेवत्यात माजं. हात भरून आलं की मग धाडत्यात."

हे ती सहज सांगत होती, पेरणीआधी बैलाला विसावा देतात तसं. खड्ड्याकडे बघून जे झालं नव्हतं ते आता झालं. मी भिंतीला धरून ओकले.

शालूने पाणी दिलं. तोंड पुसून वर बघितलं तर समोर पडवीत कामाची फळी टेकवली होती. फळीवर खळीने एक कागद चिकटवला होता. अर्ध्या कागदावर शिंपले बसले होते. उरलेल्या अर्ध्यात पंचगंगेचा घाट होता, पायऱ्यांवर कपडे आपटणाऱ्या बायका, आणि पाण्यातलं ते हिरवट करडं. तो रंग आमच्या घरात कालिंदीच्या वाटीत मी रोज बघत आले होते.

"ह्ये नव्या सुनंचं चित्र हाय म्हणं," शालू म्हणाली. "मामंजी म्हणालं, रेघ झ्याक हाय, वरनं लावत जा."

मी धावतच पुढे आले. माजघरात सतरंजीवर तबक आलं होतं. नारळ, सुपारी, पितळी अडकित्ता. अण्णांच्या हातात सुपारी होती.

"अण्णा, आधी जरा मागं या."

"मागे काय बघूचा?" दाजीबा म्हणाले. "कामाची जागा ती. घाण असतलीच. शालू, पावण्यांका कुंकू लाव."

चांगलं काम ठरताना घरच्या सुनेने पाहुण्या बाईला कुंकू लावायचं, हा रिवाज. शालू करंडा घेऊन आली. तिने करंगळीशेजारचं बोट पुढे केलं, मागे घेतलं, आणि काड्यापेटीतली काडी काढून तिच्या मागच्या टोकाने माझ्या कपाळाला कुंकू टेकवलं.

अण्णा बघत होते. "सूनबाई, बोट भाजलं काय?"

शालूने बोट पदरात लपवलं.

"भाजलं नाही, अण्णा," मी म्हणाले. "तेजाबात हात घालून शिंपले काढतात त्या. तो मोर, ही सगळी चित्रं त्यांची आहेत."

मला वाटलं, दाजीबा नाही म्हणतील. ते काही बोलण्याआधी वसंतच बोलला. माझ्याकडे बघून, अगदी मनापासून. "तुम्ही काळजी करू नका. कालिंदीबाईंना मी मुंबईहून रबरी हातमोजे मागवून देणार आहे. वहिनींच्या वेळी सुचलं नव्हतं."

अण्णा वसंतकडे वळले.

"तिला हातमोजे कशाला लागतील?" अण्णांनी सावकाश विचारलं. "ती रंगात काम करते."

"मास्तर, रंग तो काय!" दाजीबा हसले. "शिंपल्याक रंग देवानच दिलेलो आसा. तुमच्या मुलीची रेघ आमका होयी."

"कालिंदीचा घाट मागं फळीला चिकटवलाय, अण्णा. खळ लावून. अर्ध्यावर शिंपले बसवून झालेत."

"चिकटवलाय?" अण्णांनी तो शब्द असा उच्चारला की जणू तो त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

"कागदाचा आयुष्य कितीसा?" दाजीबांचा आवाज समजुतीचा होता. शाळेतल्या पोराला सांगावं तसा. "दोन पावसाळ्यांत बुरशी. शिंपल्यात घातला की नातवंडां बघतली. आणि आता ता घरातलाच झाला मां?"

"सही कुणाची?"

"दुकानाक एकच सही लागता."

अण्णांनी सुपारी तबकात ठेवली. ती गोल फिरून अडकित्त्याला लागली. दाजीबांनी ती उचलून परत त्यांच्यापुढे धरली. तेवढा मऊ, अत्तराचा हात मी आयुष्यात दुसरा बघितला नाही.

"ऱ्हाऊ द्या, पावणं." हंबीरमामा भिंतीला हात टेकून उठले. "सुरमई लै झ्याक हुती. पर आता पोटात डचमळाय लागलंय. तुमच्या सतरंजीवर काय झालं तर आमालाच लाज."

"जेवून उठतास आणि सोयरीक मोडतास?"

"व्हय. आमच्यात उष्टं टाकत न्हाईत, म्हणून खाल्लं." मग त्यांनी आवाज चढवला. "आमच्या पोरीची बाकीची चित्रं काढा भायर. न्हाईतर मीच आत जातो."

गुंडाळी मिळाली. दोन चित्रांच्या मागे खळ लागली होती. घाटाचं चित्र निघण्यासारखं राहिलं नव्हतं. वसंत आम्हाला दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "गैरसमज झाला तुमचा." त्याला खरंच तसं वाटत होतं. बापापेक्षा मला त्याचीच जास्त किळस आली.

घराला वळसा घालून रस्त्याला लागताना शालू कुंपणाशी उभी होती. "माज्या घरी काय बोलू नगा, ताई. आई उगंच झुरंल." तिने हात पाठीमागे धरले होते.

गाडी गगनबावड्याला चढली. घाटात धुकं होतं, हवा स्वच्छ होती, तरी मला माझ्या पातळाला तो वास येत होता.

कालिंदी अंगणातच वाट बघत होती. "फुटली?"

"नाही," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं.

आधी ती माझ्यावरच उसळली. "तुला घर बघायला पाठवलं होतं की मोडायला? इतकं चांगलं स्थळ चालून आलं होतं मला!" ती आत गेली, गुंडाळी सोडली, खळीचे डाग बघितले. घाटाचं चित्र नाही हे तिने मोजल्याशिवाय ओळखलं. मला वाटलं आता रडेल. ती तशीच बाहेर आली.

"दिवाळीआधी पंधरा दिवस, म्हणालीस?"

"हो."

"कुरुंदवाडला तिचं घर कुठं?"

"तिने सांगू नका म्हटलंय."

"तुला म्हटलंय. मला नाही."

सकाळच्या गाडीने आम्ही दोघी कुरुंदवाडला गेलो. रांगोळीत पहिली येणारी, कोकणात दिलेली शालू म्हटल्यावर घर सापडायला वेळ लागला नाही. तिची आई, बनाबाई, शेंगा फोडत ओसरीवर बसली होती. लेकीकडून कोणी आलंय समजून तिने आधी गुळपाणी ठेवलं. कालिंदीने पाण्याला हात न लावता सांगितलं. माझ्यापेक्षा कमी शब्दांत आणि काहीही न वगळता.

बनाबाईचा विश्वास बसेना. "दिवाळीला आली हुती की. चार दिस ऱ्हायली. हात चांगलं हुतं तिचं. मी सोत्ता मेंदी लावली की!"

"दिवाळीला चांगलेच असतात," कालिंदी म्हणाली. "आता जाऊन बघा. सांगून जाऊ नका."

बनाबाई सुपातल्या शेंगा तशाच टाकून उठली आणि शेताकडे तोंड करून नवऱ्याला हाका मारू लागली.