श्वासावरचा पहारा

“सोड. श्वास सोड. अगं, पूर्ण सोड की, जपून ठेवायचाय का तुला तो?”

टेबलावर उताणी पडलेली मुलगी हसली. तिच्या फासळ्यांखाली दोन्ही तळवे सरकवून बसलेल्या बाईंना मात्र कळलं, श्वास अर्ध्यातच अडकलाय.

कुलपांच्या दुकानावरच्या या खोलीत बाई केस काळे होते तेव्हापासून काम करत होत्या. बाहेरच्या पाटीवर ऑस्टिओपॅथी असं लिहिलेलं होतं, पण त्या शब्दाच्या वाटेला कुणी जात नसे. औषध नाही, सुई नाही. स्नायू, सांधे, मणके हातांनी चाचपायचे आणि आखडलेलं सैल करायचं. लोक त्यांना ‘हाडाच्या बाई’ म्हणत. “हाडाचीच आहे मी,” असं म्हणून बाई ते नाव मिरवत.

पूर्वी त्यांच्याकडे गुडघे धरून म्हातारी माणसं यायची. आता विशी-पंचविशीतली मुलं येऊ लागली होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन. झोप येत नाही म्हणायची. बाई त्यांना आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे धाडत, तपासण्या करून घ्यायला लावत आणि मगच हात लावत. “झोप काही मी देत नाही,” त्या स्पष्ट सांगत. “तिच्या वाटेतला पसारा तेवढा बाजूला करते.”

ही मुलगी कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर लोकांचे दात घासून गुळगुळीत करायचे आणि रात्रभर स्वतःचे आवळून धरायचे. मागच्या आठवड्यात मशीनवर तिला डुलकी लागली आणि नखाचा टवका उडाला. मालकांनी सांगितलं, “झोपेचं काहीतरी कर, नाहीतर घरी बस. पुढच्या वेळी बोट जाईल.”

बाईंनी तिचा जबडा सैल केला होता, मानही मोकळी केली होती. पण दोन दिवस बरे जात आणि मान पुन्हा लोखंडासारखी होई. बाई डगमगल्या नव्हत्या. हात लावून ठेवला की शरीर कधी ना कधी बोलतंच, हा त्यांचा अनुभव होता.

आज ते बोललं. बाहेरच्या बाकावर बसलेले मुलीचे बाबा खोकले आणि बाईंच्या तळव्यावर तिच्या फासळ्या सैलावल्या. बाहेर शांतता झाली की श्वास थांबे. बाबांची हालचाल ऐकू आली की तो पुन्हा सुरू होई. बाईंनी दोन-तीनदा खात्री करून घेतली.

“बाबांना काय झालं होतं गं?”

मुलीने छताकडे बघत सांगितलं. “हृदयाचं ऑपरेशन. गेल्या वर्षी. घरी आणलं तेव्हा मी शेजारच्या खोलीत असायची. ते घोरायचे तोवर ठीक. घोरणं थांबलं की मी उठून छाती हलतेय का बघून यायची.”

“आणि आता?”

“आता ठणठणीत आहेत. कळतं हो मला, बाई. पण कानांना कोण सांगणार?”

बाईंनी दार उघडून बाबांना आत बोलावलं. उभा जन्म लोकांची कपाटं पाठीवरून वाहिलेला तो आडदांड माणूस अवघडून उभा राहिला.

“तू उतर गं. आणि तुम्ही झोपा इथे.”

“मी? मला मस्त झोप लागते हो! घरात तेवढी एकच तक्रार आहे माझ्याबद्दल.”

“म्हणूनच.”

ते टेबलावर आडवे झाले. बाईंनी मुलीला स्टुलावर बसवलं आणि तिचा हात बाबांच्या छातीवर ठेवला. स्वतःचा हात त्यांनी तिच्या मानेखाली धरला. “ऐकायचं नाही, मोजायचं नाही. नुसता ठेवायचा.”

“हे कशासाठी?” बाबांनी विचारलं.

मुलीने बाईंकडे बघितलं. मग बाईंनीच सांगितलं, ही रात्रभर तुमचा श्वास ऐकत जागी असते.

बाबांनी मान वळवून मुलीकडे बघितलं. “मला वाटायचं, मोबाइल बघत बसते. ओरडायचो की गं मी तुला.”

“ओरडलात की बरं वाटायचं,” मुलगी म्हणाली. “आवाज दमदार यायचा.”

तिच्या हाताखाली ती रुंद छाती एकदा गदगदली. मग बाबांनी तिच्या हातावर आपला पंजा ठेवला.

“हे बघ बाळा. हे काळीज माझं आहे. त्याची राखण मी करतो. तू तुझी झोप बघ. आजपासून तुझ्या खोलीचं दार लावून घ्यायचं.”

मुलीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला जांभई आली. लांबलचक, डोळ्यांत पाणी आणणारी. बाईंच्या बोटांखाली मानेचा एक ताठ दोर हळूच ढिला झाला. त्या हात तसाच धरून राहिल्या.

पुढच्या खेपेला सकाळची वेळ दिलेली होती. बाईंनी टेबलावर धुतलेली चादर अंथरली, हात चोळून गरम केले. वेळ टळली तरी कुणी आलं नाही. मग फोन वाजला. बाबा होते, पण एवढ्या दांडग्या माणसाचा आवाज कुजबुजता येत होता.

“बाई, अजून उठली नाही हो ती. तुमचा खोळंबा झाला. उठवू का?”

“खबरदार!”

“नाही, नाही.”

“दार लावून झोपलीये ना?”

“हो. आतून कडी लावलीये.” बाबा जरा घुटमळले. “मी आपला बाहेर खुर्ची टाकून बसलोय. दाराला कान लावला की श्वास ऐकू येतो तिचा.”

“बसा मग,” बाई तितक्याच हळू म्हणाल्या आणि आवाज होऊ न देता त्यांनी फोन खाली ठेवला.