पुणंच आहे हे

मी भिंग बोलतोय. काळ्या मुठीचं, एका कडेला टवका उडालेलं. मला वाचता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी फक्त मोठं करून दाखवतो. पुढचं काम माणसाचं, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

जन्म कुठल्या कारखान्यातला, ठाऊक नाही. माझा पहिला मालक टपाल तिकिटं जमवणारा एक इंग्रज म्हातारा. तो गेला, मुलांनी अल्बम विकले आणि मला जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपच्या पिशवीत कोंबलं. तिथे विजोड कपबश्यांशेजारी पडून होतो. हात लावायचे सगळे, न्यायचं कुणी नाही. शेवटी लंडनमधल्या एजवेअरच्या डॉक्टर पद्माकरांनी उचललं.

पद्माकर मूळचे पुण्याचे. हे ते पहिल्या मिनिटात सांगतात. इथल्या हॉस्पिटलात लोकांची हाडं जोडण्यात जन्म गेला. मग रिटायर झाले, बायको गेली, मुलगा कॅनडात. रिकाम्या घरात त्यांना एक नाद लागला. शंभर वर्षांपूर्वीच्या जनगणनेची पानं प्रिंट करायची आणि लोकांना त्यांचे पूर्वज शोधून द्यायचे. इथल्या मराठी मंडळात सगळे म्हणायला लागले, "डॉक्टरांना विचारा." हे ऐकलं की त्यांची मान ताठ व्हायची. माझ्यावरची पकडही घट्ट व्हायची.

वरच्या खोलीत नागपूरची स्वराली भाड्याने राहायची. सॉफ्टवेअरवाली. ती हसायची.

"काका, लॅपटॉपवर झूम होतं की!"

"स्क्रीनवर अक्षराचा जीव कळत नाही," पद्माकर म्हणायचे. मला तेव्हा बरं वाटायचं. मूर्ख होतो.

एका रविवारी क्रॉयडनहून नीना आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, हातात लेमन केक. मराठीचं अक्षर येत नाही. तिची आजी एका साहेबाची मुलं सांभाळायला बोटीने इथे आली आणि परत गेलीच नाही. बेकरीवाल्याशी लग्न केलं. सगळे तिला ॲनी म्हणायचे. खरं नाव कुणाला माहीत नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

नीनाने १९११च्या जनगणनेचं पान आणलं होतं. साहेबाने स्वतःच्या हाताने भरलेलं. मुलगा पर्सी, मुलगी डोरिस, स्वयंपाकीण, सगळ्यांची नावं व्यवस्थित. शेवटच्या ओळीत नावाच्या जागी नुसतं 'आया'. जन्मस्थानाच्या रकान्यात शाई फुटलेला एक शब्द, पुढे बॉम्बे.

"तिचं एवढंच उरलंय," नीना इंग्रजीत म्हणाली. "हे गाव वाचून द्या, डॉक्टर. मला एकदा तिथे जाऊन उभं राहायचंय."

पद्माकरांनी मला त्या शब्दावर धरलं. अगदी क्षणभर.

"पूना!" ते जवळजवळ ओरडले. "पुणंच आहे हे. आमचं पुणं!"

नीना रडली. पद्माकरांनी केक कापला. मंडळाच्या गणपतीत 'लंडनची पुणेकर आया' म्हणून त्यांनी भाषण ठोकलं, टाळ्या घेतल्या. मी खिशात होतो.

मग एकदा स्वरालीने टेबलावरचं ते पान उचललं. मला हातात घेतलं. ती त्या शब्दाकडे बघत बसली नाही. पानभर फिरली. पर्सीवर थांबली, मग डोरिसवर, मग पुन्हा त्या शब्दावर.

"काका, हा पी नाही. याच माणसाने पर्सीचा पी कसा काढलाय बघा, आणि डोरिसचा डी बघा. हा डोरिसचा डी आहे. मध्ये छोट्या पीची ओळीखाली उतरणारी शेपटी आहे, ती पूनामध्ये कुठून येणार? शेवटाजवळ एलची उंच दांडी आहे. हे दापोली आहे, काका."

"शेपटी वरच्या ओळीतून आलीय. आणि दापोलीहून कोण येणार त्या काळात लंडनला?"

"का? बोटीत बसायला पुणेकर असावं लागायचं?"

"उद्धटपणा नको!"

"बरं. पण नीना आजींचा नंबर द्या, मी बोलते. पुण्याचं तिकीट काढतायत त्या."

"मीच कळवतो. तू यात पडू नकोस."

स्वरालीने विश्वास ठेवला. पुढे तिला हाउन्सलोकडे नोकरी लागली, ती गेली.

ती गेल्यावर पद्माकरांनी मला पुन्हा बाहेर काढलं. डोरिसवर धरलं, मग त्या शब्दावर, मग पुन्हा डोरिसवर. त्यांना कळलं होतं. माझ्या काचेतून बघणारा डोळा मला कळतो. मग त्यांनी पान फाइलमध्ये घातलं, मला ड्रॉवरमध्ये टाकलं आणि फोन केलाच नाही. का? टाळ्या परत कराव्या लागल्या असत्या. शिवाय नीना यायची बंद झाली असती, आणि त्या घरात दुसरं कोण येतं? एकटेपणा मलाही कळतो. पण म्हणून दुसऱ्याची आजी आपल्या गावाला चिकटवायची नसते.

नीना पुण्याला जाऊन आली. ड्रॉवरमधून मी ऐकत होतो. "नदीकाठी उभी राहिले," ती सांगत होती. "मोठ्याने म्हटलं, आजी, मी आले गं. लोक बघायला लागले."

"ऐकलं असेल तिने," पद्माकर म्हणाले. आवाज जरासुद्धा हलला नाही.

गेल्या आठवड्यात ती परत आली होती. क्रॉयडनच्या दफनभूमीत आजीच्या थडग्यावर आजवर दगड नव्हता, तो बसवायचाय. मजकूर तपासून घ्यायला आली होती, तिने तो मोठ्याने वाचून दाखवला. 'ॲनी. जन्म पूना.' ते वाचायला भिंग लागत नव्हतं.

"अचूक आहे," पद्माकर म्हणाले.

मी इथे ड्रॉवरमध्ये आहे, संपलेले सेल आणि जुन्या किल्ल्यांबरोबर. सगळं ऐकू येतं, त्यांच्याशी बोलता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय. त्या बाईचं नाव साहेबाने लिहिलं नाही. गाव मात्र लिहिलं होतं, ते आपल्याच माणसाने घालवलं. हे वाचणारं कुणी क्रॉयडनला राहत असेल, तर नीनाला गाठा. पांढऱ्या केसांची, ताठ चालणारी बाई आहे. तिला दापोली सांगा.

दगड अजून कोरा आहे.