पदरातला भंडारा

मल्लव्वाच्या पदराच्या टोकाला एक पिवळी गाठ असे. लुगडे बदलले, तरी आतली चिमूट जुन्या पदरातून नव्या पदरात जाई. गाठीत काय आहे, हे सोलापूरच्या कचेरीतले शिपाईदेखील विचारीत नसत. अठ्ठावीस वर्षे ही बाई वेठबिगारीत अडकलेली माणसे सोडवायला याच बाकावर येऊन बसत होती, आणि तिला प्रश्न विचारण्याची तिथे रीत नव्हती.

आज तिच्या शेजारी भीमा आणि सोनाबाई होती. केम गावाकडची ही नवरा-बायको. आगाऊ घेतलेल्या एका उचलीपायी माढ्याजवळच्या वीटभट्टीवर पाच वर्षे अडकून पडलेली. सोनाबाईच्या आईच्या मातीलादेखील मालकाने त्यांना जाऊ दिले नव्हते. मल्लव्वाने अर्ज केला, तेव्हा काल पथक जाऊन त्यांना घेऊन आले. आता प्रांतसाहेबांसमोर भीमाने एवढेच सांगायचे होते, की आम्हाला जबरदस्तीने ठेवले आहे. सांगितले, तर सुटकेचा दाखला आजच मिळणार होता. न सांगितले, तर फाटकाबाहेर मालकाची जीप उभीच होती.

भीमा म्हणाला, "आमी खुशीनं ऱ्हातो, सायेब."

सोनाबाईने डोळे मिटून घेतले. साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "मल्लव्वा, यांना बाहेर न्या. चहा पाजा. मग पुन्हा विचारतो."

व्हरांड्यात चहा निवत चालला.

"खुशीनं?" मल्लव्वा म्हणाली. "खुशी असली की मानसाचं तोंड जळक्या इटंवानी हुतं व्हय रं?"

भीमाने मान वर केली नाही. "भंडारा उचललाय, अव्वा. बिरोबाचा. मालकानं तळहातावर हळद ठिवली आन् म्हनला, भट्टी सोडनार न्हाय म्हन. म्हनलो. आता आण मोडली, तर पिंकीला भोवंल."

"पाच वर्सं पोर तुमच्या भनीकडं हाय," सोनाबाई फणकारली. "तिला बापाचं तोंड ठावं न्हाय. आता आनि काय भोवायचं ऱ्हायलंय?"

मल्लव्वा हसली नाही, रागावलीही नाही.

"मीबी उचलला हुता," ती म्हणाली. "अक्कलकोटकडं, दगडाच्या खानीवर. आण मोडून पळाले. त्याच साली माजा ल्योक संगप्पा साप चावून गेला. लोक म्हनले, भोवलं. मीबी लई वर्सं तेच म्हनत हुते. मग त्या खानीची दरड ढासळली. आण पाळनारी तिघं खाली गेली. तवा मातुर कुनी म्हनलं न्हाय, पाळली म्हनून भोवली."

भीमाने ऐकले. पण भ्यालेल्या काळजात शहाणपण लगेच उतरत नाही, हे मल्लव्वा जाणून होती. तिने कप खाली ठेवला आणि पदर पसरला.

"घाल हितं. तुजी आण माज्या पदरात. भोवायचं ते मला भोवंल."

भीमाने आतल्या खिशातून त्याच भंडाऱ्याची कागदाची पुडी काढली. पाच वर्षे घामाने भिजून वाळलेली. पुडी त्याने मुठीतच धरून ठेवली. "तुमाला काय झालं मंजी?"

"दीडशे जनांच्या आणा हायेत हितं. अजून च्या पितीया की मी."

चिमूट पदरात पडली. मल्लव्वाने गाठ आवळली. भीमा आत गेला आणि या खेपेला त्याचा आवाज व्हरांड्यापर्यंत येत राहिला. फाटकावरची जीप मध्येच कधीतरी निघून गेली.

दाखला घेऊन तो बाहेर आला, तेव्हा सोनाबाई मल्लव्वाच्या पदराची गाठ दातांनी सोडवत होती.

"अगं तंगी, काय करतीस?" मल्लव्वाने कानडीत धाकट्या बहिणीला हाक मारतात तसे विचारले.

"सगळ्यांचं तुमी एकटीनंच का वागवायचं?" सोनाबाईने चिमूटभर हळद स्वतःच्या पदरात बांधली. "आमच्या भट्टीवर आजून चार खोपी आडकल्यात, अव्वा. कवा जायाचं?"

"आदी पोरीला भेट. मग बेस्तरवारी ये. मी हितंच असते."

सोनाबाई उठली. मल्लव्वाने तिचा पदर धरून तिला पुन्हा बसवले.

"आन् अशी न्हाय बांदायची. सुटंल."

तिने गाठ सोडली आणि स्वतःच्या हातांनी पुन्हा घट्ट बांधून दिली.