तिसऱ्या दोराखालचं खोकं

क्लिफ टपहोम सोमवारी गेला आणि शुक्रवारी त्याला पुरायचं होतं. अडचण एकच होती. विक्सबी या इंग्रजी खेड्यातल्या चर्चच्या मनोऱ्यात घंटा सहा, आणि ओढणारे हात पाचांचेच.

घंटा ओढणं हा या भागात धर्मापेक्षा मोठा धर्म. एका माणसाला एकच दोर, एका वेळी दोन ओढता येत नाहीत. सहा घंटा एकामागून एक वाजायच्या. एक गप्प राहिली की सुरात भोक पडतं आणि कोबीच्या शेतात वाकलेल्या माणसालाही ते ऐकू येतं. क्लिफ या टोळीचा म्होरक्या होता. त्याची घंटा ओढायला शेजारच्या गावचा एक जण तयार झाला होता. भोक होतं ते तिसऱ्या दोराचं, परदेशातून येऊन इथे राहिलेल्या आणि क्लिफशी भांडून गेलेल्या याद्विगाचं.

"पाचांवर भागवू, बेरिल," नेव्हिल म्हणाला. हा निवृत्त बसचालक, चौथ्या दोराचा. "लोकांना काय कळतंय!"

"क्लिफला कळेल," त्याची बायको बेरिल म्हणाली आणि त्याचाच कोट अंगावर चढवून याद्विगाच्या घराकडे निघाली.

भांडण मतदानाच्या आधीचं. युरोपच्या संघातून बाहेर पडायचं की राहायचं, यावर गावच्या सभागृहात जाहीर वाद झाला होता. लंडनच्या कोटवाल्यांनी काडी लावली आणि जळलं ते गावांचं घर. ज्यांनी जन्मात कोबी कापला नाही, ते परदेशातून कोबी कापायला येणाऱ्यांबद्दल तावातावाने बोलत होते. क्लिफने निदान आयुष्यभर कापला होता. तो उठला आणि गरजला, "कुणीही यावं, कुणीही राहावं, हा काय नियम झाला? पाठवा सगळ्यांना परत!"

तिसऱ्या रांगेतून याद्विगा उभी राहिली. "मलाही, क्लिफ?"

सभागृह हसलं. क्लिफने तोंड उघडलं, मिटलं आणि तो खाली बसला. त्यानंतर याद्विगा मनोऱ्यात आली नाही. मग बाहेर पडायचा निकाल लागला, नियम बदलले, आणि जिथे तिची मुलगी शाळेत जात होती त्याच गावात राहायला त्या बाईला सरकारकडे परवानगी मागावी लागली. लाज सरकारला वाटायला हवी होती. वाटली नाही.

याद्विगाने दार उघडलं. हातात सोललेला बटाटा होता.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "वाईट झालं, बेरिल. आत ये."

"नको, चिखल आहे बुटांना. हे बघ, त्याच्या वतीने माफी मागायला मी आलेली नाही. ती त्यानेच मागायला हवी होती, गाढवाने. आणि मत मीही बाहेर पडायलाच टाकलं होतं, आजही टाकीन."

"मग कशाला आलीस?"

"तुझे हात मागायला. शुक्रवारी अकराला."

याद्विगाने बटाट्यावर राहिलेला सालीचा तुकडा नखाने खरवडला. बेरिलला वाटलं, आता दार लागणार. लागलं असतं तरी तिने तक्रार केली नसती.

"पहिल्या हिवाळ्यात या गावात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं," याद्विगा सावकाश म्हणाली. "मी मनोऱ्याखाली उभी राहून ऐकायचे. तुझा नवरा खाली येऊन खेकसला, 'ऐकत काय बसलीस, वर ये, एक दोर रिकामा आहे.' कुठून आलीस ते विचारलं नाही त्याने. उंची विचारली."

"तेवढंच विचारायचा तो."

"उद्धट होता."

"होताच. चाळीस वर्षं सोसलाय मी."

दोघी हसल्या आणि हसता हसता बेरिलचे डोळे वाहू लागले. याद्विगाने बटाटा खिशात कोंबला आणि तिला चिखलासकट आत ओढलं.

शुक्रवारी घंटांच्या आतल्या लोलकांना एका बाजूने चामड्याच्या गाद्या बांधल्या होत्या. म्होरक्या गेला की तसं करतात. एक ठोका मोकळा, दुसरा दबका, जणू कुणी लांबून ओ देतंय. याद्विगा गोल जिना चढून आली आणि दारातच थबकली. तिसऱ्या दोराखाली लाकडी खोकं होतं. ती बुटकी, म्हणून क्लिफने तिच्यासाठी ठोकलेलं. वर गालिच्याचा तुकडाही होता, नवाकोरा.

"हे अजून इथे?"

"नाहीतर काय!" नेव्हिल करवादला. "ह्याच्यावर अडखळून माझी नडगी फुटली. फेकतो म्हटलं तर म्हातारा अंगावर आला. 'राहू दे, तिचं आहे.' एवढंच. वर गालिचा बदलत बसायचा!"

बेरिलने ते खोकं दर मंगळवारी सरावाला पाहिलं होतं. तिला वाटायचं, क्लिफचा आळस. आज कळलं. तोंडाने एक शब्द नीट बोलता आला नाही त्या माणसाला, पण हातोडी चालवता आली. देवाने त्याला एवढं तरी दिलं, तिने मनात आभार मानले.

याद्विगाने कोट काढून बाजूला टाकला. खोक्यावर चढली, हाताला थुंकी लावली आणि दोर धरला.

पहिला दोर बेरिलचा, म्हणून हाकही तिचीच. "सांभाळा!" ती ओरडली. "पहिली निघाली... गेली!"

एक, दोन, तीन. तिसरी आली. किंचित उशिरा, पण आली. मग चार, पाच, सहा. भोक नव्हतं. खाली शवपेटी आत येत होती आणि बेरिल वर दोर ओढत होती, तोंडभर रडत, सगळ्यांची ऋणी.

शेवटचा दबका ठोका विरला तेव्हा याद्विगा खोक्यावरून खाली उतरली. "तरी सांगते, त्याचं चुकलंच होतं."

"नव्हतं चुकलं," बेरिल नाक पुसत म्हणाली. "मंगळवारी ये, तेव्हा भांडू."

"साडेसातला?"

"साडेसातला. आणि नेव्हिल, त्या खोक्याला हात लावशील तर बघ."