माझी डागडुजी करू नका

मी एक जुना, झिजलेला, जागोजागी दोरे लोंबणारा खांब आहे. घर पेलणारा मोठा खांब नव्हे. चौथीतल्या मुलाच्या कमरेला लागेन, एवढाच. मांजरीने नखं घासावीत म्हणून मला बनवलं आणि तेच काम मी आजवर करत आलो. मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंची नेहमीची तक्रार असते की आम्हाला कोणी दुरुस्त करत नाही. माझं उलटं आहे. कोणी दुरुस्त करायला आलं की मला पळून जावंसं वाटतं. असं का, ते सांगतो.

पूर्वी मी जेवणाच्या एका टेबलाचा पाय होतो. टेबल मोडलं तेव्हा माझे तीन भाऊ कुठे गेले, मला माहीत नाही. मी मात्र खुर्च्या आणि सोफे मढवणाऱ्या एका कारागिराच्या घरी, कोपऱ्यातल्या ढिगाऱ्यात येऊन पडलो. त्याला मी बाबा म्हणतो, कारण त्याची लेक तसं म्हणायची. घराची पुढची खोली हाच त्यांचा कारखाना होता. एका भिंतीशी आईचं शिवणयंत्र, दुसऱ्या भिंतीशी फोमच्या चळती, मधे गिऱ्हाइकांच्या उघड्याबोडक्या खुर्च्या. आई कव्हरं शिवायची, बाबा ती चढवायचे. बाबांचं काम इतकं नेटकं की शिवण शोधायला चष्मा लावावा लागे. कुठे एखादा दोरा बाहेर आलेला दिसला, की त्यांचे हात शिवशिवायला लागत.

त्या घरात चिंधी होती. पांढरीशुभ्र, गुबगुबीत मांजरी. कातरणांच्या पोत्यात सापडली म्हणून तिचं नाव चिंधी. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. समोरच्या रस्त्यावर सारखी वाहनं, त्यामुळे तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती. खिडकीत झोपायचं, उठून लांबलचक आळस द्यायचा आणि मग समोर जे मऊ दिसेल त्यात नखं रोवायची, असा तिचा दिवस जायचा. आता ज्या घरात सगळंच गिऱ्हाइकाचं आणि सगळंच मऊ, तिथे काय होणार, ते तुम्हीच ओळखा.

आधी एका वकिलांच्या खुर्चीचा हात गेला. मग मुख्याध्यापिकाबाईंच्या सोफ्याची पाठ. बाबा ओरडले, पण बहिरीला ओरडणार तरी किती? ती त्यांच्या उघड्या तोंडाकडे कौतुकाने बघत राहिली. आईने मात्र शांतपणे हातातलं कापड खाली ठेवलं.

"आणखी एक कापड फाटलं ना, की ही दादाच्या गोदामात जाईल," ती म्हणाली. "तिथे पोती आहेत, उंदीर आहेत. खुशाल फाडत बसू दे."

"आई, तिथे ट्रक मागे घेतात," लेक म्हणाली. "तिला हॉर्न ऐकू येणार नाही."

आईने खाली ठेवलेलं कापड पुन्हा यंत्राखाली सरकवलं. ती दुष्ट नव्हती, मित्रांनो. तेच कव्हर दुसऱ्यांदा शिवून तिचे डोळे लाल झाले होते, आणि मुख्याध्यापिकाबाई पुन्हा त्या दारात आल्या नाहीत.

लेक तेव्हा दहा वर्षांची होती. ती चिंधीला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली आणि घरी येऊन बाबांपुढे एका दमात बोलली. मांजरीला नखं घासावीच लागतात. तिला हक्काची जागा पाहिजे, खडबडीत आणि न हलणारी, ती जिथे झोपते तिथेच. तिच्याशी रोज खेळायचं. आणि पंजे धरून जबरदस्ती करायची नाही, नाहीतर ती कायमची बिथरेल.

बाबांनी ढिगाऱ्यातून मला उचललं. जाड फळीवर ठोकून घट्ट उभं केलं, अंगभर काथ्याची दोरी गुंडाळली. अशी गुंडाळली की दोन वेढ्यांमधून मुंगी जाणार नाही. मी त्यांच्या हातून मढवला गेलेला पहिला खांब. मला कोण अभिमान वाटला.

"घासेल ना ती?" लेकीने विचारलं.

"न घासून काय करेल? एवढा देखणा केलाय."

चिंधीने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एक दिवस गेला, दोन गेले, आणि माझा जीव टांगणीला लागला. माझ्या कामावर एका मुक्या जिवाचं राहणं-जाणं ठरणार होतं आणि मला जागचं हलताही येत नव्हतं.

मग लेकीने एक युक्ती केली. जुन्या मखमलीची लांब शेपटी शिवली, काठीला बांधली आणि ती जमिनीवरून सरपटत माझ्या अंगावर चढवू लागली. चिंधीचे कान ताठ झाले. ऐकू येत नसलं तरी कान ताठ करायची ऐट होती बाईसाहेबांना. ती दबा धरून बसली, मागची बाजू हलवली आणि शेपटीवर झेपावली ती थेट माझ्यावर. नखं काथ्यात रुतली. ती थबकली. एक पंजा ओढून पाहिला, मग दुसरा. करकर आवाज झाला, तो तिला ऐकू आला नसेल, पण माझ्या लाकडातून तिच्या पायांना नक्की जाणवला असेल. पुढची पाच मिनिटं तिने मला ओरबाडून काढलं. मित्रांनो, इतकं सुख मला टेबलाखाली कधी मिळालं नव्हतं. लेकीने तिच्या हनुवटीखाली खाजवलं आणि खाऊचा एक तुकडा माझ्या पायाशी ठेवला.

मला वाटलं, सुटलो.

त्या संध्याकाळी लेक शिकवणीला गेली आणि बाबा रोजच्यासारखे हत्यारं आवरू लागले. आवरताना प्रत्येक खुर्चीवरून हात फिरवायची त्यांची सवय होती. हात फिरवत फिरवत ते माझ्यापाशी आले आणि थांबले. माझे दोरे निघाले होते, दोन वेढे सैल पडले होते. त्यांनी कात्री काढली. सुटलेले सगळे दोरे कापले, दाभणाने वेढे घट्ट ओढले आणि साबणाच्या फडक्याने मला खालपासून वरपर्यंत पुसून काढलं.

"झालं नव्यासारखं," ते स्वतःशी म्हणाले आणि समाधानाने दिवा लावायला गेले.

सकाळी चिंधी आळस देऊन माझ्याकडे आली. तिने मला हुंगलं. खालून हुंगलं, वरून हुंगलं. काल तिने माझ्या अंगावर स्वतःचा वास ठेवला होता, स्वतःच्या खुणा ठेवल्या होत्या. आता माझ्या अंगाला फक्त साबणाचा वास होता. तिने नाक मुरडलं आणि ती निघून गेली.

लेकीने पुन्हा शेपटी नाचवली, पुन्हा तिला माझ्यापर्यंत आणलं. संध्याकाळी बाबांनी पुन्हा मला नवं केलं. असं आठवडाभर चाललं. रोज संध्याकाळी मला कात्रीची चाहूल लागायची आणि रोज मी मनात म्हणायचो, बाबा, आज नको. त्यात माया होती हो, म्हणून तर जास्त भीती वाटायची. रागावलेला माणूस कधीतरी दमतो. बाबा प्रेमाने करत होते, ते कशाला थांबतील?

शुक्रवारी दुपारी जे व्हायचं तेच झालं. दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातलं लांब बाकडं मढवून तयार होतं, सोमवारी पोचवायचं होतं. चिंधी मला हुंगून गेली ती सरळ बाकड्याच्या कोपऱ्यावर उभी राहिली. कापड फाटलं. आई उठली, तिने चिंधीला अलगद उचलून खाली ठेवलं आणि फोन हातात घेतला.

"दादा, रविवारी सकाळी ये. हो, तीच. टोपली आहे इथे."

लेक रडली नाही. ती माझ्या शेजारी येऊन जमिनीवर बसली आणि बसूनच राहिली. शनिवारी संध्याकाळी ती शिकवणीलाही गेली नाही. शेवटची संध्याकाळ चिंधीजवळ काढायची होती तिला. म्हणून बाबा कात्री घेऊन माझ्यापाशी आले, तेव्हा पहिल्यांदाच ती तिथे होती.

अर्धे दोरे कापून झाले होते, तेव्हा तिने विचारलं, "बाबा, काय करताय?"

"डागडुजी. किती फाटलाय बघ."

"रोज करता?"

"रोज. न करून चालेल?"

लेक उठून उभी राहिली. "रोज सकाळी ती याला हुंगते आणि निघून जाते. मला वाटायचं, तिला हा आवडतच नाही. बाबा, ती रोज तिचं काहीतरी ठेवून जाते आणि तुम्ही रोज पुसून टाकता."

बाबांची कात्री तशीच अधांतरी राहिली. शिवणयंत्राचा आवाजही थांबला.

"तीस वर्षं झाली," बाबा हळूच म्हणाले. "फाटलेलं दिसलं की हात जातोच गं."

"मग त्या हातांना जरा गप्प बसायला सांगा," आई यंत्रावरून म्हणाली. दोरा तोडून म्हणाली, "दादा उद्या यायचाच आहे. तोपर्यंत काय ते बघू."

बाबांनी कात्री ठेवली आणि त्यांनीच जाऊन बाकड्यावर जुनी चादर टाकली. माझी एक बाजू गुळगुळीत झाली होती. दुसऱ्या बाजूला वीतभर पट्टा तेवढा तसाच उरला होता, उसवलेला आणि चिंधीच्या वासाचा. आमची सगळ्यांची आशा त्या वीतभर जागेवर होती. लेकीने मला वळवून तो पट्टा खिडकीकडे केला.

सकाळी आईचा दादा, म्हणजे लेकीचा मामा, आला तेव्हा चिंधी अजून झोपलेली होती. टोपली दाराशी. कोणी चहाला हात लावेना. मग ती उठली, पाठीची कमान केली, खाली उतरली आणि बाकड्याच्या दिशेने निघाली. माझ्या लाकडात पाणी असतं तर ते तेव्हा आटलं असतं. चादरीला तिने नाक लावलं. मागे वळली. माझ्यापाशी आली, उरलेला पट्टा हुंगला, आणखी एकदा हुंगला. तिला तरी कुठे ऐकू येणार होतं, पण सगळेच गप्प होते.

मग तिने पुढचे दोन्ही पाय उंच ताणले आणि माझ्या अंगात नखं रोवली.

मामाने बराच वेळ पाहिलं. "ताई, मग मी काय रिकामी टोपली घेऊन जाऊ?"

"कातरणं भरून देते," आई म्हणाली. "पोत्यांना ठिगळं लावायला होतील." तिने डोळे पुसले, आणि शिवून शिवून डोळ्यांत पाणी येतं असं कोणी न विचारताच सांगितलं.

त्याला आता बारा वर्षं झाली. चिंधी म्हातारी झाली आहे. दिवसातून एकदाच येते, पूर्वीसारखी उंच ताणतही नाही. मी तर पार उसवलोय. नवीन गिऱ्हाईक बाबांना विचारतं, "अहो, एवढे नामांकित कारागीर तुम्ही आणि समोरच हे काय ठेवलंय?" बाबा म्हणतात, "ते माझं काम नाही, तिचं आहे."

पण मित्रांनो, माझी भीती काही गेली नाही. आजही बाबा संध्याकाळी हात फिरवत माझ्यापर्यंत येतात. नजर कमी झालीय, पण बोटांना लोंबणारे दोरे बरोबर सापडतात. कात्री खिशात असते आणि तिचा खुळखुळ आवाज होतो. चिंधीला तो ऐकू येत नाही, म्हणून दोघांच्या वाटचं मीच घाबरून घेतो. बाबा थोडा वेळ तो दोरा बोटांत धरून उभे राहतात.

तुमच्याही घरी कोणाची तरी अशी उसवलेली, मळकी, वेडीवाकडी वस्तू असेल. ती आवरायला, धुवायला, नवी करायला तुमचे हात शिवशिवतील, आणि तेही मायेनेच. त्याआधी एवढंच करा. ती वापरणाऱ्याला विचारा. त्याला बोलता येत नसेल, तर सकाळपर्यंत थांबा आणि तो काय करतो ते बघा. बाबा तसंच करतात. तो दोरा अलगद सोडून देतात आणि रिकाम्या हाताने दिवा लावायला जातात.