तीन ओळींचा अभिप्राय

मला बघायला मुलगा येणार असला की आई पडदे धुते, बाबा अंगणात पाणी मारतात आणि मी माझा प्रश्न मनात घोळवत बसते. प्रश्न एकच असतो: सध्या काय वाचताय?

आजवर तिघं आले. तिघांच्याही बायोडाटात "वाचनाची आवड" होती. पहिला म्हणाला, पेपर. दुसऱ्यानं मोबाइल वर करून दाखवला. तिसऱ्यानं एका कादंबरीचं नाव घेतलं, तेव्हा मी आशेनं पुढे सरकून बसले आणि विचारलं, त्यातली नायिका कशी वाटली? तो म्हणाला, चांगली आहे, सुस्वभावी आहे. ती सगळी कादंबरी पुरुषांच्या तुरुंगात घडते, तिच्यात औषधालासुद्धा बाई नाही.

तिघांनाही नकार कळवला. बाबा म्हणाले, "मयुरी, तुले लगन करायचं हाये का परीक्षा घ्याची हाये?"

"दोन्ही," मी म्हटलं. सेलूच्या शाळेत मी गणित शिकवते, परीक्षा घ्यायची मला सवय आहे. आणि खरं सांगू का, मला नोकरीबिकरी, घरदार, गाडी यातलं काही विचारावंसंच वाटत नाही. न वाचलेलं पुस्तक वाचलं म्हणणारा माणूस उद्या मीठ न घातलेल्या भाजीलाही छान म्हणेल. त्याच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवायचा?

चौथं स्थळ ताराचंदकाकांनी आणलं. काका पूर्वी वर्ध्याला एका छापखान्यात पुस्तकांची बांधणी करायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्कूटरला मागे लोखंडी पेटी ठोकून घेतली आणि सेलूहून गावोगाव पुस्तकं न्यायला सुरुवात केली. मंगळवारी आमची हिंगणी, गुरुवारी झडशी, मधल्या दिवशी आणखी कुठे कुठे. पैसे घेत नाहीत. त्यांचा नियम एकच: आधी वाचलेल्या पुस्तकावर अभिप्राय लिहून द्यायचा, निदान तीन ओळींचा, मगच पुढचं पुस्तक. "छान आहे" एवढं लिहिलेली चिठ्ठी ते परत करतात. आमच्या सरपंचांनाही केली होती.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. काका स्वतः पुस्तकं वाचत नाहीत. "एवढाले पुस्तकं वाचाले टाइम कोनाले हाये? मी लोकाईचे अभिप्राय वाचतो, त्याच्यात सारं समजते," असं म्हणतात. तर या माणसाला सहा वर्षांत दोनच वाचक असे भेटले, जे तीन ओळींच्या जागी दोन-दोन पानं लिहून देतात. हिंगणीची मी आणि झडशीचा अंकित. अंकित सावंगीच्या दवाखान्यात एक्स-रे काढतो. काकांनी दोन्ही घरी जाऊन सांगून टाकलं की हे जमवा, आणि मला जाताजाता म्हणाले, "सध्या दोघाईजवळ एकच कादंबरी देऊन ठेवली हाये. म्हंजे बोलाले विषय झाला."

कादंबरीचं नाव "चुलीतला कागद". मी ती दोनदा वाचून काढली होती आणि तिच्यासाठी कुणाशीही भांडायला तयार होते.

रविवारी दुपारी अंकित त्याच्या आत्याला, प्रमिलाबाईंना, मोटरसायकलवर मागे बसवून आला. जय भीम झालं, बसणं झालं, पाणी आलं. त्यानं पेला एका दमात रिकामा केला, त्यातला अर्धा शर्टावर. कान जरा बाहेर आलेले आणि लाजला की ते आधी लाल होतात, मग चेहरा. मला तो आवडला, आणि तेही ताबडतोब. हे मला मुळीच सोयीचं नव्हतं, कारण प्रश्न अजून विचारायचा होता. बशीतली गोरसपाक बिस्किटं त्याच्यापुढे सरकवताना मी मनातल्या मनात विनवत होते की बाबा रे, खरं वाचलेलं असू दे.

मोठ्यांनी आम्हाला मागच्या अंगणात जांबाच्या, म्हणजे पेरूच्या, झाडाखाली पाठवलं. मी खुर्चीत नीट बसतेय तोच त्यानं विचारलं, "सध्या काय वाचताय?"

माझा प्रश्न. माझा राखून ठेवलेला प्रश्न त्यानं पळवला आणि मला राग यायच्या ऐवजी पोटात गुदगुल्या झाल्या.

"चुलीतला कागद," मी म्हटलं.

"काका म्हणाले होते. मी दोनदा वाचली."

"मी पण दोनदा."

मग दोघंही उगाचच हसलो. वर जांबाला फळं लागली होती, पोपट ती अर्धी खाऊन खाली टाकत होते, आणि मला वाटलं की झालं, जमलं, आता फक्त पत्रिकेचा रंग ठरवायचा.

"मला सगळ्यात भास्कर आवडला," तो म्हणाला. "इतका देवमाणूस मी पुस्तकात पाहिला नव्हता."

मला वाटलं चेष्टा करतोय. "भास्कर? वत्सलाचा भाऊ?"

"हो. वाचताना रडलो मी. ड्यूटीवर होतो. पेशंट विचारू लागला, माझ्या फोटोत एवढं काय निघालं?"

"अहो, पण त्या नालायकानं बहिणीचा शाळेचा दाखला चुलीत घातला."

"कधी?"

"कधी म्हणजे काय? सगळी कादंबरी त्यावर उभी आहे. नावच ते आहे."

"नावाचं वेगळं आहे," तो मला समजावू लागला, आणि समजावणारा माणूस मला तसाही खपत नाही. "त्या कादंबरीत चूलही नाही आणि कागदही नाही. मी पानं उलटून शोधलं. तेच तर तिचं सौंदर्य. चूल म्हणजे काळ आणि कागद म्हणजे आपण."

तिसऱ्या मुलानं निदान तुरुंगात एक बाई कल्पनेनं आणून बसवली होती. हा तर चूलच नाही म्हणत होता.

"वत्सला कशी वाटली?" मी विचारलं. आवाज परीक्षेच्या हॉलमधला लागला होता, ते मला कळत होतं.

"कठोर बाई. मुख्याध्यापिका झाली म्हणून काय झालं? म्हातारा भाऊ दर वर्षी शाळेच्या गेटसमोर छत्री घेऊन उभा राहतो, आणि ही खिडकी उघडत नाही. एवढा राग कशाचा, ते शेवटपर्यंत कळत नाही."

"मुख्याध्यापिका? वत्सला सातवी शिकली आहे. दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचते."

"कापूस?"

"तुम्ही पुस्तक वाचलेलं नाही," मी म्हटलं. "नसेल वाचलं तर सरळ सांगायचं. काकांकडून नावं विचारून घ्यायची आणि बाकी मनानं रचायचं, याला काय म्हणतात?"

त्याचे कान लाल झाले, पण आता लाजेनं नाही. "मी काऊन खोटं बोलू? मले काय भेटते त्याच्यात? तुमीच नाई वाचलं. कापूस म्हने. एक बोंड नाई पूर्ण पुस्तकात."

"मले शिकवू नका. मी दोन पानं अभिप्राय लिहिला हाये."

"मंग मीबी लिहिला हाये."

आमचं शुद्ध मराठी कधीच गळून पडलं होतं आणि आवाज पुढच्या खोलीपर्यंत गेला होता. बाबा, आई आणि प्रमिलाबाई मागच्या दारात येऊन उभे राहिले.

"काय झालं, अंकित?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"चाल आत्या, निघू. याईनं पुस्तक नाई वाचलं."

"एवढंच? म्या तर जलमात एक नाई वाचलं," त्या म्हणाल्या आणि खाली पडलेला एक बरा जांब उचलून पदराला पुसू लागल्या.

मला रडू येत होतं. राग होताच, पण रडू रागाचं नव्हतं. हा खोटा निघायला नको होता, एवढीच गोष्ट होती. चौथ्या मुलाला नकार द्यायचं मला वाईट वाटत नव्हतं, या मुलाला द्यायचं वाटत होतं. म्हणून मी आत गेले आणि काकांनी खाकी कव्हर घातलेलं पुस्तक आणून त्याच्यापुढे आपटलं. "दाखवा. कुठं हाये शाळा? कुठं हाये छत्री?"

त्यानं चार पानं उलटली. मग आणखी दहा. चेहऱ्यावरचा राग ओसरला आणि तिथे नुसता गोंधळ राहिला. तो बाहेर गेला आणि मोटरसायकलला अडकवलेल्या पिशवीतून आपलं पुस्तक घेऊन आला. तेच खाकी कव्हर, तीच जाडी, काकांच्या हातचं तेच नाव.

मी ते उघडलं. पहिल्याच पानावर शाळा. दहाव्या पानावर छत्री. मी पुढे पुढे चाळत गेले तर कुठे चूल नाही, कागद नाही, आणि शेवटच्या पानावर मधोमध छापलेलं, "समाप्त".

माझ्या पुस्तकात "समाप्त" नव्हतं.

ताराचंदकाकांची एक पद्धत आहे, ती दोन्ही गावांना ठाऊक आहे. जाड पुस्तक पेटीत मावत नाही आणि जाडी पाहून लोकही घेत नाहीत. म्हणून काका ते मधोमध कापतात, दोन वेगळी पुस्तकं बांधतात आणि पाठीवर लाल शाईनं एक आणि दोन घालतात. कडा साफ करताना खालचे पानांचे आकडे कापले जातात, त्याची कुणी तक्रार करत नाही. या वेळी काका लाल शाई विसरले होते. मग पेटीत एकाच नावाची दोन पुस्तकं दिसल्यावर त्यांना वाटलं, दोन प्रती आहेत. एक हिंगणीला दिली, एक झडशीला. आणि आकडे नसलेलं पुस्तक दोनदा वाचून गणिताच्या बाईंना काही खटकलं नव्हतं.

बाबांनी दोन्ही पुस्तकं हातात घेतली, चष्मा लावला आणि माझ्या पुस्तकाची शेवटची ओळ मोठ्यानं वाचली: "वत्सला दारात थांबली, मागे वळली आणि म्हणाली,"

"पुढं?" प्रमिलाबाई जांब खाता खाता थांबल्या.

बाबांनी अंकितच्या पुस्तकाची पहिली ओळ वाचली: "जळायचं ते जळून गेलं, दादा. आता मी जाते."

आईनं पदर तोंडाशी नेला. मला सर्रकन काटा आला, आणि अंकितकडे पाहिलं तर तो आपल्या दंडावरून हात फिरवत होता.

"मी त्या स्वल्पविरामावर दीड पान लिहिलं होतं," मी हळूच कबूल केलं. "लेखिकेनं उत्तर आपल्यावर सोडलं, असा शेवट करायला हिंमत लागते, असं."

"मी पहिल्या वाक्यावर दोन पानं," तो म्हणाला. "कोण बोलतं, कुणाशी बोलतं, काही सांगायचं नाही. एकदम नवीन तंत्र हाये, असं लिहिलं."

आधी त्याला हसू फुटलं. मग मला. मी हसत हसत खाली मातीत बसले, नवी साडी, पोपटांचे उष्टे जांब, कशाची म्हणून पर्वा राहिली नाही. दोघंही खरे होतो. दोघांनीही अर्धं पुस्तक मन लावून वाचलं होतं आणि उरलेलं अर्धं मूर्खासारखं रचलं होतं. इतका आनंद मला बी.एड.च्या निकालालाही झाला नव्हता.

"मंग आमी काय समजाचं?" बाबांनी विचारलं.

"आधी उरलेलं वाचू द्या," आम्ही दोघं एकदमच म्हणालो. पुस्तकांची अदलाबदल झाली, पाहुणे गेले. ते गेल्यावर लक्षात आलं की एकमेकांचा फोन नंबर घ्यायचं दोघांनाही सुचलं नव्हतं.

त्या दिवशी मी वाचत बसले म्हणून आईनं एकटीनं स्वयंपाक केला आणि मला एकदाही हाक मारली नाही. उरलेलं मी सोमवारी मधल्या सुट्टीत संपवलं. भास्कर गेटसमोर छत्री धरून उभा असतो, तिथे मी स्टाफरूममध्ये इतकी रडले की हेडमास्तरांना वाटलं, माझी बदली झाली.

मंगळवारी काकांची स्कूटर दारात आली. कापाकापीबद्दल मी त्यांना आधी भरपूर बोलून घेतलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि खिशातून एक चिठ्ठी काढली. गुरुवारची वाट न पाहता अंकित सावंगीला जाताना सकाळीच सेलूत त्यांच्या घरी ती देऊन गेला होता.

"भास्करबद्दल माझं साफ चुकलं," त्यात लिहिलं होतं. "दाखला जाळणाऱ्या माणसाला शंभर वर्षं गेटसमोर उभं ठेवलं तरी कमीच. वत्सलानं खिडकी उघडली नाही ते बरोबर केलं." आणि खाली, बारीक अक्षरात: "तुमचा माझ्याबद्दलचा अभिप्राय कळवावा."

मी माझी चिठ्ठी काकांच्या हातात दिली. तिच्यात मी लिहिलं होतं, भास्करबद्दल माझं साफ चुकलं, इतका पश्चात्ताप करणाऱ्या माणसासाठी वत्सलानं खिडकी उघडायला हवी होती.

काकांनी दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या. पुन्हा वाचल्या. "परवा तो चांगला म्हने तं तुमी खराब म्हनत होत्या," ते वैतागून म्हणाले. "आता तो खराब म्हनते तं तुमी चांगला. पोरी, तुमचं जमन कधी?"

"जमलं, काका."

मी नवा कागद घेतला, त्यावर एकच शब्द लिहिला आणि घडी करून त्यांना दिला. माझे कान गरम झाले होते. काकांनी तिथल्या तिथे घडी उघडली, कारण अभिप्राय वाचल्याशिवाय ते स्कूटरला किक मारत नाहीत. कागद त्यांनी उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि मला परत दिला.

"तीन ओळीच्या खाली मी घेत नाई. नियम म्हंजे नियम."

मी कागद पेटीवर ठेवला आणि पहिल्या "हो"च्या खाली आणखी एकदा "हो" लिहिलं, आणि त्याच्या खाली आणखी एकदा.